दरसाल दोन सूत

लाकूड काय करणार आहे हे ज्या सुताराला कळत नाही त्यानं रंधा खाली ठेवावा आणि शेरडं राखावीत, असं मी चारचौघांत जोरजोरात बोलायचो. आता तेच तोंड घेऊन ही हकिगत सांगायला बसलोय. म्हातारा झालो, तरी तो दिवस आठवला की मी अजून आ वासून बसतो. बारा वर्षं माझ्या डोळ्यांदेखत एक गोष्ट घडत होती आणि दरसाल मीच तिच्यावर रंधा मारत होतो.

कळंबच्या अलीकडं आमचं गाव. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, आमचा मुलूख अजून मुंबई राज्यात जायचा होता. त्याच सुमाराला माझे वडील गेले आणि गावाचं सुतारकाम माझ्या अंगावर आलं. वडील लई मोठे कारागीर. त्यांनी बसवलेल्या तुळया मोजायच्या म्हटल्या तर निम्मं गाव मोजावं लागलं असतं. "सागवान वाकंल, पण मोडणार न्हाय," हे त्यांचं बोलणं. माझ्यासाठी ते वेदवाक्य होतं आणि ते खरं आहे का हे मी कधी तपासलं नाही.

गावातली घरं माळवदाची. ज्यांनी बघितली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. कौलं नाहीत, पत्रा नाही. भिंतींवर जाड तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर काटक्या आणि लिंबाचा पाला, आणि त्याच्यावर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा, वर वाळवण घालायला जागा. पण पावसानं मातीला चिरा पडतात, गळती लागते. म्हणून दर वैशाखात जुन्या गावठाणातून पांढरी माती आणायची, माळवदावर पसरायची, पाणी मारून चोपण्यानं चोपायची. ही आमच्याकडची रीत. जो माती टाकत नाही तो आळशी, त्याच्या घरी लेक देऊ नये, असं म्हणायचे. पावसानं पसाभर माती वाहून जायची आणि आम्ही पाट्याच्या पाट्या वर चढवायचो. जुनी माती आधी उतरवावी, मग नवी टाकावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

माझ्या कामाच्या छपरासमोर बोळ ओलांडला की दर्ज्याचं, म्हणजे शिंप्याचं, घर. मुसलमान माणूस, सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. त्याची नजर ऐन तरुणपणात अधू झाली होती, सुईत दोरा ओवता यायचा नाही. तो मापं घ्यायचा, कळंबच्या बाजारातून कापड-दोरा आणायचा आणि तयार कपडे घरोघर पोचवायचा. शिवणं सगळं त्याच्या बायकोचं. तिला मी भाभी म्हणायचो आणि ती मला मिस्त्रीभाऊ. गावातल्या बायकांच्या चोळ्या, पोरांचे सदरे, ईदचे कपडे, दिवाळीचे कपडे, सगळं तिच्या पायाच्या मशीनवर. भाभीचे पाय हलले तर त्या घरात चूल पेटायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक लेक होती, ती काज-बटणं करायची.

मशीन पुढच्या खोलीत होती. माळवदाच्या घरात खिडक्या नसतात, छतातच उजेडाला एक भोक ठेवतात, त्याला साणं म्हणतात. भाभीची मशीन त्या साण्याखाली, म्हणजे खोलीच्या आतल्या अंगाला, मधोमध. साण्याला लागून वर सागवानाची मोठी तुळई. तुळईखाली फळ्यांची आडभिंत, आणि त्या भिंतीत माजघराचं दार. तुळई वडिलांची, भिंत वडिलांची, दारही वडिलांचंच.

वडील गेले त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात भाभीनं दारातूनच हाक मारली.

"मिस्त्रीभाऊ, जरा येऊन बघता का? दार अडायलंय."

रंधा घेऊन गेलो. दोन पानांचं दार, वरच्या बाजूला चौकटीला घासत होतं. लाकूड फुगलं असंल, असं मी म्हणालो. बाहेर वैशाखाचं ऊन रखरखत होतं, त्या उन्हात कुठलं लाकूड फुगतं? पण सुतार काय म्हणायचं ते घरनंच ठरवून निघतो. दोन सूत काढले. सूत म्हणजे आम्हा सुतारांचं सगळ्यात बारकं माप, गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढं. दार गपकन् मिटलं. भाभीनं चहा दिला, मास्तरनं पान दिलं, आणि मी मिशीला पीळ देत घरी आलो.

पुढच्या वैशाखात पुन्हा हाक. त्याच्या पुढच्या वैशाखात पुन्हा. माळवदावर माती चढली की आठ-पंधरा दिवसांत भाभी बोलवायची, इतकं नेमानं की माझी बायको म्हणायची, "आली बघा तुमच्या दाराची तिथी." आम्ही हसायचो. दार काही फुगत नव्हतं. चौकट खाली येत होती, चौकटीवर तुळई बसत होती आणि तुळईवर दरसालची माती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. मला दिसलं नाही, कारण मी दाराकडं बघत होतो. पिशवीत दोरी होती. तुळईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती ताणली असती तर मधे किती झोल पडलाय ते दोन मिनिटांत कळलं असतं. पण वडिलांच्या कामाला दोरी लावायची म्हणजे त्यांच्यावर शंका घ्यायची, आणि ते माझ्यानं झालं नाही.

एकदा रंधा मारता मारता भाभी म्हणाली, "दुपारच्याला वर टिकटिक व्हतं, मिस्त्रीभाऊ. मशीन थांबवली की ऐकू येतं."

"उन्हानं लाकूड बोलतंय भाभी. बोलणारं लाकूड चांगलं, मुकं लाकूड वाईट."

हे मी कुठून काढलं देव जाणे. असली म्हण कुणी केलेली नाही. माझ्या तोंडातून निघाली आणि भाभीनं मान डोलावली, कारण सांगणारा सुतार होता.

मग आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. कचेरीतल्या पाट्या बदलल्या, शाळेत उर्दू मागं पडून मराठी आली, गावापासून कोसावर एस.टी. थांबायला लागली. भाभीच्या दाराचं मात्र जुनंच चाललं होतं. एका पावसाळ्यात तिच्या साण्याजवळ गळती लागली. मास्तर मला घेऊन माळवदावर चढला. साण्याच्या कडेला परातीएवढा खड्डा पडला होता आणि त्यात पाणी साचलं होतं. आता माळवद सपाट असतं, त्यात खड्डा पडतो म्हणजे खालचं काहीतरी खाली गेलंय. मी एवढा कारागीर, तिथं उभा राहून मी काय सांगावं? मास्तरला नीट दिसत नव्हतं म्हणून मी त्याचा हात धरून खड्ड्याच्या काठाकाठानं फिरवला आणि म्हणालो, "इथं भर घाला मास्तर. चार पाट्या जास्तीच्या घाला, म्हंजे पाणी थांबणार न्हाय."

चार पाट्या जास्तीच्या. बरोबर तुळईच्या मधोमध, भाभीच्या डोक्यावर. पुढच्या साली तिथं पुन्हा खड्डा पडला आणि आम्ही पुन्हा भरला. हे सांगतानाही माझे कान तापतात.

पुढं टिकटिक वाढली तेव्हा माझ्याही मनात कुठंतरी पाल चुकचुकली असावी. मी लिंबाचा एक खांब तासून तुळईखाली टेकू दिला. दाराच्या अलीकडं मशीन, पलीकडं टेकू. भाभी म्हणाली आता बरं वाटतंय. दोन महिने टेकू राहिला. त्यानंतर मास्तर एक दिवस छपरात येऊन बसला, भुसा चिवडत बोलला.

"मिस्त्री, लेकीला बघायला पाव्हणे यायलेत. बैठक पुढच्याच खोलीत. घराला कुबडी दिसली तर काय म्हणतील? टेकूचं घर म्हणतील. लेकीचं जमायचं न्हाय."

ते खरंच होतं. आमच्याकडं टेकू लावलेलं घर म्हणजे बसत चाललेलं घराणं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. मोगरी घेऊन गेलो, बुडाला दोन ठोके दिले आणि खांब सुटला. तो सुटताना वर एक आवाज झाला, बारीकसा, एखाद्यानं दाताखाली सुपारी फोडावी तेवढा. भाभी चुलीपाशी होती, मास्तर दारात होता. मी ऐकला. आणि मी काहीच बोललो नाही.

लेकीचं जमलं. लग्नाच्या दिवशी वरात बघायला बायका-पोरांनी माळवद भरून गेलं, पाय ठेवायला जागा नव्हती. मी खालून जीव मुठीत धरून बघत होतो. काही झालं नाही. संध्याकाळी मास्तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बगा, तुमच्या वडलांची तुळई हाय." मला इतकं बरं वाटलं की टेकूचा विषय मी मनातून काढूनच टाकला. लेक सासरी गेली. दर वैशाखात माती चढत राहिली, दार अडत राहिलं, मी दोन सूत काढत राहिलो.

लग्नाला दोन-तीन वर्षं उलटून गेली होती. मार्गशीर्ष महिना, रानात ज्वारी हुरड्याला आली होती. भरदुपार. ना वारा, ना पाऊस, माळवदावर कुणी नाही. मास्तर कळंबच्या बाजाराला गेला होता. मी छपरात गाडीच्या चाकाचा आरा बसवत होतो आणि समोरून भाभीच्या मशीनचा खडखडाट येत होता, रोजच्यासारखा. मधेच मोठा ऊस मोडल्यासारखा एक आवाज आला. मी मान वर केली. लगेच धप्प झालं, माझ्या पायाखालची जमीन हादरली, आणि समोरच्या दारातून धुळीचा लोट बोळात आला. मशीन बंद झाली होती.

मी धावलो असं लोक सांगतात. मला आठवतं ते एवढंच की मी आरा हातात धरून उभा होतो आणि मनात म्हणत होतो की हे होऊच शकत नाही. वरातीच्या दिवशी पडलं असतं तर कळलं असतं. मुसळधार पावसात पडलं असतं तर कळलं असतं. आज का? आज तर काहीच नव्हतं.

दहा-बारा जण जमले. फावडं चालवायची सोय नव्हती, खाली भाभी होती. हातांनी माती उपसली. किती माती होती ती! उपसावी तितकी निघत होती. वैशाखा-वैशाखाचे थर दिसत होते, एकावर एक, भाकरीच्या चवडीसारखे. तो चार पाट्यांचा भरावही दिसला, ढेकूळच्या ढेकूळ. दोन्ही हातांची नखं फुटली तरी कुणी थांबलं नाही. शेवटी मशीनचं लोखंडी स्टँड लागलं, आणि स्टँडच्या आडोशाला भाभी. तुळईचं टोक स्टँडवर अडकून राहिलं होतं म्हणून तिचं डोकं आणि छाती वाचली. उजवा पाय मात्र मशीनच्या पायटीवर होता तसाच, कडीखाली दबलेला. ती शुद्धीवर होती. मला बघून म्हणाली, "मशीन धड हाय का बगा."

बैलगाडीत गवत घालून तिला सडकेपर्यंत नेलं, तिथून एस.टी.नं धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरांनी पाय घोट्याच्या वरून काढला. दुसऱ्या दिवशी मास्तर आला तेव्हा मी त्याला तिच्यापाशी बसवलं आणि गावाकडं परतलो. त्याच्या तोंडाकडं बघायचं धैर्य मला झालं नाही.

गावात आलो तो सरळ त्या ढिगाऱ्यापाशी गेलो. तुळईचे दोन तुकडे मोकळे केले आणि मोडलेली बाजू उजेडाकडं फिरवली. ताजं मोडलेलं सागवान पिवळं असतं, सोन्यासारखं. इथं पिवळा भाग वरच्या अंगाला चार बोटं, फार तर पाच. बाकी सगळी मोड काळी होती. जुनी, धुरकटलेली, धूळ भरलेली. खालच्या अंगाला तर चिरेत चुना होता. ईदच्या आधी भाभी घराला चुना द्यायची, कुंचला तुळईवरूनही फिरवायची, आणि दरसालचा चुना त्या आडव्या चिरेत भरत गेला होता. खालून बघणाऱ्याला पांढरी तुळई दिसायची. चुन्याच्या आत कोळ्याचं जाळंही होतं, वाळून गेलेलं.

म्हणजे तुळई त्या दुपारी मोडलीच नव्हती. ती कित्येक वर्षं मोडत होती, सूत सूत करत, आणि त्या दुपारी फक्त उरलेली चार बोटं गेली. मी त्या तुळईखाली उभा राहून चहा प्यायलो होतो. भाभी तिच्याखाली सबंध दिवस बसत होती.

दाराची दोन्ही पानं ढिगाऱ्यात शाबूत सापडली. मी ती बोळात आडवी ठेवून एकमेकांना जोडली. वरची कड सरळ नव्हती. मधल्या बाजूला चांगला तीन बोटांचा खोलगा होता, तुळईला जेवढा झोल होता तेवढाच. माझ्याच हाताचा, माझ्याच रंध्याचा. मी भुईवर बसलो आणि मला हुंदका आवरला नाही. बायको येऊन उठवायला लागली तर तिच्यावर खेकसलो.

गावातले लोक भले. "जुनं घर व्हतं, पडलं," म्हणाले. "भाभीचं नशीब," म्हणाले. "तुमी काय करणार," म्हणाले. मला त्या भलेपणाचा संताप यायचा. माझं ऐकून चार घरांनी माळवदावरची माती उतरवली, बाकीचे म्हणाले सुतार बिथरलाय. माझ्या स्वतःच्या घरावरची मी उतरवली आणि तुळईला दोरी लावली, तर तिथंही दोन बोटांचा झोल. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. पण हे सगळं करतानाही मला ठाऊक होतं की जिला सांगायला पाहिजे तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

आठव्या दिवशी मी धाराशिवला गेलो. वाटेत एस.टी.त ठरवून टाकलं की काही लपवायचं नाही, मग ती शिव्या देवो, तोंड फिरवो, नाहीतर मास्तर उठून अंगावर येवो. भाभी खाटेवर उशीला टेकून बसली होती, अंगावर पांघरूण. पांघरूण एका बाजूला लवकर सपाट होत होतं. मास्तर खाली चटईवर. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. दाराचं सांगितलं, मी कशावर रंधा मारत होतो ते. चुना भरलेल्या चिरेचं सांगितलं. माळवदावरच्या खड्ड्याचं आणि चार पाट्यांचं सांगितलं. शेवटी टेकू काढताना आवाज आला होता, मी ऐकला होता आणि गप बसलो होतो, हेही सांगितलं. ते मी तोवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. मास्तर खाली मान घालून ऐकत होता. टेकूचं ऐकून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

भाभी पांघरुणाची कड सारखी करत होती. मला वाटलं तिला नीट कळलं नसावं. मग ती म्हणाली, "मला तर लई दिवसांपासनं भ्या वाटायचं, मिस्त्रीभाऊ. टिकटिक ऐकली की मशीन सोडून भाईर पळावं वाटायचं. पण दर वैशाखात तुमी येऊन बगून जायचा. मंग मी मनाला म्हनायची, सुतार बगून गेलाय, तू कशाला भितीस. आन् पुन्हा मशीनवर बसायची."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसला असता. मी खाटेची दांडी धरली. इतके दिवस मला वाटत होतं की मी दुर्लक्ष केलं, म्हणून ती त्या तुळईखाली राहिली. तसं नव्हतं. मी येत होतो म्हणून ती तिथं बसत होती. मी आळशी सुतार असतो, बोलवूनही आलो नसतो, तर ती कधीच उठून बाहेर गेली असती, दोन पायांवर.

मास्तरनं डोळे पुसले आणि म्हणाला, आता पत्रा घालू, हलकं घर बांधू, मशीन हातानं फिरवायची करून घेऊ. भाभी त्याच्याकडं बघत होती. नंतर माझ्याकडं वळून म्हणाली, "नव्या घराला बी दरसाल तुमीच या बगायला. दुसऱ्या कुनाचा मला भरवसा न्हाय."

मला वाटलं ही टोमणा मारतेय. मी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि मी काय म्हणतो याची ती वाट बघत होती.

"व्हय भाभी, येतो," मी म्हणालो.